मनाच्या ऊर्जेचा वाद आणि थकव्याचा हिशेब

साताऱ्यात सध्या मनाच्या ऊर्जेवर जेवढे बोलले जाते, तेवढे बहुधा पाणीपुरवठ्यावरही बोलले जात नसेल. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत शिबिरांचे फलक लागलेले असतात. शाळा, पतसंस्था आणि बचत गट आपापल्या माणसांसाठी ‘ऊर्जा वाढवणारी’ व्याख्याने ठेवतात, आणि त्यावर वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारात खडाजंगी होते. एका बाजूचे म्हणणे असे, की मनात ऊर्जेचा अफाट साठा असतो, तो जागा केला की शरीर आपोआप सुधारते. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे विवेकवाद्यांचे, म्हणणे असे, की ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात, मनाची ऊर्जा कोणी मोजलेली नाही, म्हणून हा सारा बनाव आहे. हा वाद वाईट पद्धतीने घातला जात आहे, कारण दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे: मनाची ऊर्जा म्हणजे कुठेतरी साठवलेली राशी, आणि तिचे असणे किंवा नसणे एवढाच काय तो प्रश्न. माझे मत असे आहे की अशी राशी नाही. पण जो अनुभव लोक त्या नावाने सांगतात तो पूर्णपणे खरा आहे. पुढचे काम झेपेल का, आणि ते करण्यासारखे आहे का, याचा मेंदू सतत जो अंदाज बांधत असतो, त्या अंदाजाची आपल्याला होणारी जाणीव म्हणजे हा अनुभव. म्हणूनच ती ऊर्जा बाहेरून कोणाला भरता येत नाही, आणि म्हणूनच थकलेल्या माणसाला ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगण्याचा अधिकारही कोणाला नाही.

राशीची ही कल्पना आपल्या ऋषिमुनींची आहे असा दोन्ही बाजूंचा समज दिसतो. आज शिबिरांत जी कल्पना सांगितली जाते, ती मात्र बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धांत मांडला, आणि वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात प्रत्येक शास्त्राला आपापली ऊर्जा हवीशी वाटू लागली. त्यांचे सहकारी ब्रुके यांच्या व्हिएन्नातील प्रयोगशाळेत तरुण फ्रॉइड यांनी कित्येक वर्षे काम केले. १८९५ साली फ्रॉइड यांनी मनाचे सगळे व्यवहार चेतापेशींमधून वाहणाऱ्या एका राशीच्या रूपात मांडणारा आराखडा लिहायला घेतला आणि तो अर्धवट सोडून दिला. तो प्रसिद्ध झाला त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली. आराखडा टाकून दिला तरी त्यातली भाषा मात्र त्यांनी टाकली नाही. साचणे, तुंबणे, वाट मिळणे, दुसरीकडे वळवणे ही सारी क्रियापदे मनाला चिकटली ती कायमची. मानसशास्त्रज्ञ युंग यांनी १९२८ च्या आपल्या निबंधात ही ऊर्जा कामवासनेपुरती न ठेवता सर्व मानसिक व्यवहारांची केली. यांपैकी कोणीही ती मोजून दाखवली नाही, आणि खरे सांगायचे तर मोजण्याचे एकक काय असेल हेही सांगितले नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या यंत्रयुगाचे हे उसने सामान आपण आज प्राचीन ज्ञान म्हणून विकत घेतो, यातला विनोद शिबिरवाल्यांच्या लक्षात येत नाही. आणि आपण परंपरेशी लढत आहोत असे मानणाऱ्या विरोधकांच्याही येत नाही.

या मानसिक ऊर्जेचा शोध प्रामाणिकपणे घेणारा एक माणूस मात्र होऊन गेला. जर्मनीतील हान्स बेर्गर तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली चिरडता चिरडता वाचले. त्याच दिवशी दूरवर असलेल्या बहिणीला भावाबद्दल भयंकर काळजी वाटली आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. संकटात आपल्या मनातून काहीतरी बाहेर पडले आणि तिच्यापर्यंत पोचले, अशी बेर्गर यांची खात्री झाली. मेंदूतील रासायनिक ऊर्जेचा काही भाग उष्णतेत, काही विजेत आणि उरलेला मानसिक ऊर्जेत जात असावा, असे गणित मांडून त्यांनी आयुष्यभर मेंदूचे तापमान, रक्तप्रवाह आणि विद्युत्प्रवाह मोजले. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. आज मिरजेच्या दवाखान्यात फेफऱ्याच्या रुग्णाच्या डोक्याला तारा लावून जो ईईजी काढतात, तो या शोधाचा वारस आहे. मानसिक ऊर्जा मात्र बेर्गर यांना सापडली नाही. श्रद्धेने निघालेल्या माणसाला तीस वर्षांच्या मोजमापानंतर जे सापडले नाही, ते दोन दिवसांच्या निवासी शिबिरात कसे सापडते?

मोजमापांचे उत्तर त्या मानाने सरळ आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा त्याचा. हा आकडा व्याख्यानांत फार रंगवून सांगतात. पुढचा आकडा सांगत नाहीत: डोके फोडणारे गणित सोडवताना हा खर्च जेमतेम काही टक्क्यांनी वाढतो, कारण मेंदू आपण रिकामे बसलो तरी जवळजवळ तेवढेच काम करत असतो. १९३० च्या सुमारास बॉस्टनमध्ये फ्रान्सिस आणि कॉर्नेलिया बेनेडिक्ट या दाम्पत्याने माणसांना तासभर अवघड गुणाकार करायला लावून त्यांचा श्वास मोजला, आणि निष्कर्ष काढला की तासाभराच्या तीव्र बौद्धिक श्रमाला लागणारी जादा ऊर्जा अर्ध्या शेंगदाण्यातून मिळू शकेल. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय ज्यांची भाजी होत नाही अशा सातारा-सांगलीकरांनी तरी हा निष्कर्ष ध्यानात ठेवायला हरकत नाही.

विवेकवादी मित्र इथेच थांबतात, आणि माझी खरी तक्रार त्यांच्याशी आहे. अर्धा शेंगदाणा एवढाच खर्च असेल, तर दिवसभर उत्तरपत्रिका तपासून घरी आलेल्या शिक्षिकेला कुकर लावण्याचेही त्राण का उरत नाही? ‘तो तिचा मानसिक समज आहे’ हे उत्तर म्हणजे प्रश्नाला पाठ दाखवणे झाले. इतिहासात हे एकदा घडून गेले आहे. अठराव्या शतकात मेस्मर नावाच्या वैद्याने पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्वा’चा प्रवाह रुग्णांच्या अंगात सोडण्याचा दावा केला, माणसे थरथरत, बेशुद्ध पडत, बरीही होत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी एका मुलाला बागेतल्या झाडांपाशी नेले. त्यांपैकी एकच झाड ‘भारलेले’ होते, आणि मुलगा बेशुद्ध पडला तो दुसऱ्याच झाडापाशी. प्रवाह नसताना केवळ कल्पनेने परिणाम होतो आणि कल्पना नसेल तर प्रवाहाने काहीच होत नाही, हा समितीचा निष्कर्ष आजही नमुनेदार वाटतो. पण प्रवाह खोटा ठरल्यावर परिणामाचे काय, हा प्रश्न पंडितांनी तसाच टाकून दिला. नुसत्या कल्पनेने माणूस बेशुद्ध पडतो, ही शरीराबद्दलची केवढी मोठी बातमी होती! तिचा पाठपुरावा व्हायला साठ वर्षे जावी लागली. १८४३ मध्ये ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने संमोहनाची प्रवाहाविना मांडणी केली, आणि १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे एस्डेल या शल्यचिकित्सकाने मेस्मरच्या पद्धतीने गुंगवलेल्या रुग्णांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. प्रवाह नाही म्हणणारे बरोबर होते, आणि परिणाम आहे म्हणणारेही बरोबर होते. आपल्याकडचा आजचा वाद त्या १७८४ च्या पुढे सरकलेला नाही.

मग तो परिणाम काय असतो? आपल्या भागात त्याचे उदाहरण शोधायला कोयनेपलीकडे जायला नको. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. पावसाळ्यात दरवाजे किती फूट उचलायचे, किती क्युसेक विसर्ग सोडायचा, हे केवळ आजच्या पातळीवरून ठरत नाही. वरून किती आवक अपेक्षित आहे, खाली सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी कुठवर चढले आहे, वीजनिर्मितीला आणि उन्हाळी सिंचनाला किती राखायचे, असे सगळे पाहून निर्णय घेतला जातो. धरण भरलेले नसतानाही विसर्ग होतो आणि पाणी असतानाही दरवाजे बंद राहतात. नदीकाठच्या माणसाला दिसतो तो विसर्ग. त्यावरून धरणात किती पाणी आहे हे तो सांगू लागला तर चुकेल. थकवा आणि उत्साह हे असे विसर्गाचे निर्णय आहेत, आणि आपण त्यांना पातळी समजतो.

हे केवळ रूपक नाही, त्याला प्रयोगांचा आधार आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सायकलपटूंना सुमारे तासभराच्या शर्यतीत पिष्टमय द्रावणाची फक्त चूळ भरून थुंकायला सांगितले. पोटात एक थेंब गेला नाही, तरी ते सुमारे ३ टक्के लवकर पोचले. इंधन मिळाले नव्हते. इंधन येत आहे ही खबर मेंदूला मिळाली होती. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळपाणी दिले की मिनिटभरात त्याचा चेहरा उजळतो, तो गूळ रक्तात पोचण्याच्या कितीतरी आधी. आमच्या आज्यांना हे माहीत होते, फक्त त्याचा सिद्धांत करण्याची त्यांना गरज वाटली नाही. २००९ साली वेल्समध्ये मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू तपासली. पडद्यासमोर दीड तास एकाग्रतेचे कंटाळवाणे काम केल्यावर त्याच माणसांनी सायकल सुमारे १५ टक्के आधी सोडून दिली. हृदयाच्या ठोक्यांत, प्राणवायूच्या वापरात किंवा स्नायूंत या फरकाचे कारण सापडले नाही. फरक होता तो श्रम किती जड वाटतात यात. यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्या आणि साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये भाग घेणाऱ्या कोणालाही विचारा: पाय थांबवणारा बहुतेक वेळा पायांत नसतो.

साठ्याची कल्पना मानसशास्त्राने नव्याने करून पाहिली नाही असे नाही. १९९८ साली बाउमाइस्टर यांनी काही जणांना समोरची चॉकलेटची बिस्किटे सोडून कच्चा मुळा खायला लावला आणि दाखवले की मोह आवरणारी ही माणसे पुढचे कोडे लवकर सोडून देतात. इच्छाशक्ती हा मर्यादित साठा, आणि पुढे ग्लुकोज हेच तिचे इंधन, असे मांडले गेले. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक माणसांवर या परिणामाची पडताळणी केली, तेव्हा तो जवळजवळ शून्यावर आला. आपल्या दृष्टीने अधिक रोचक आहे ते २०१७ साली प्रसिद्ध झालेले काम: भारतीय सहभागींमध्ये अवघड कामानंतर पुढच्या कामातली कामगिरी ढासळण्याऐवजी काही वेळा सुधारली, आणि संशोधकांनी त्याचा संबंध श्रमाने अंग तापते, मन लागते या इथल्या समजुतीशी जोडला. एका अभ्यासमालेवर इमला बांधू नये हे मान्य. पण साठा रिता होणे हे समजुतीनुसार बदलत असेल, तर तो साठा कसला?

आता श्रद्धेच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ, कारण ते फलकांवरच्या घोषणांपेक्षा फार वजनदार आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दर आषाढात आपल्याच जिल्ह्यातून, लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते. साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बायका दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात, चांदोबाच्या लिंबापाशी रिंगणात सामील होतात, फुगड्या घालतात, आणि घरी परतल्यावर ‘भरून आले’ असे म्हणतात. विवेकवाद्यांनी या साक्षीला हसू नये. शेकडो वर्षे, लाखो माणसे एकच गोष्ट सांगत असतील तर ती पुरावा म्हणून तपासायलाच हवी. मात्र ती साठ्याच्या सिद्धांताला धार्जिणी नाही, विरोधी आहे. साठा असता तर पंढरपूरपर्यंत तो संपायला हवा होता. टाळांचा ठेका, शेजारची पावले, वाटेत कोणीतरी भाकरी देणारच ही खात्री, आणि चालण्याला असलेला अर्थ: हे सगळे मेंदूच्या हिशेबात जमेच्या बाजूला पडते आणि तोच गुडघा घरच्या जिन्यापेक्षा वारीत जास्त चालतो. प्राणाच्या कल्पनेबद्दलही असेच. उपनिषदातले अन्नमय, प्राणमय, मनोमय कोश ही अनुभवाची बारकाईने केलेली वर्गवारी आहे. ती भौतिकशास्त्राची परीक्षा द्यायला बसलेलीच नाही, तेव्हा तिला नापास करण्यात पुरुषार्थ नाही, आणि तिला क्वांटमचे प्रमाणपत्र मिळवून देणे हा तर तिचा अपमान आहे. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी यातला सभ्य मार्ग दाखवला होता. त्यांनी उड्डियान आणि नौली या योगातल्या पोटाच्या क्रियांत शरीराच्या आत दाब किती बदलतो हे उपकरणांनी आणि क्ष-किरणांनी पाहिले, आणि निघाले ते प्रसिद्ध केले. मिनिटाला सहा श्वासांच्या संथ लयीत रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त यंत्रणा बळावते हे आज मोजून दाखवता येते. मग तो श्वास मंत्राने संथ झाला की जपमाळेने, याला शरीराच्या लेखी महत्त्व नाही.

विवेकवाद्यांचे बळकट म्हणणे वेगळे आहे, आणि ते साताऱ्यात अधिक गांभीर्याने ऐकले पाहिजे. त्यांचा आक्षेप तत्त्वज्ञानाला नाही, नुकसानीला आहे. नरेंद्र दाभोलकर इथलेच. डॉक्टर, नामवंत कबड्डीपटू, आणि दैवी शक्तीच्या नावाखाली चालणाऱ्या लुबाडणुकीवर आयुष्य वेचलेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. ज्या गावाने ही किंमत मोजली त्याने ‘ऊर्जा’ हे नाव लावून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहिले तर त्यात वावगे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशी बाई दम लागतो, अंगात जीव नाही म्हणून एखाद्या ऊर्जा-उपचारकाकडे गेली आणि त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवून ‘चक्र बंद आहे’ म्हणून सांगितले, तर तिचे हिमोग्लोबिन तपासायचे राहून जाते. थायरॉइड, मधुमेह, ब-१२ ची कमतरता आणि नैराश्य यांचीही पहिली तक्रार पुष्कळदा हीच असते. हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. पण तो स्वीकारल्यावर निष्कर्ष काय निघतो? त्या बाईची तक्रार खोटी नव्हती. तिच्या मेंदूने लोहाच्या तुटीची दखल अगदी बरोबर घेतली होती. ‘असली काही ऊर्जा नसते’ एवढेच सांगून तिला परत पाठवणारा माणूस उपचारकाइतकाच तिच्या हिमोग्लोबिनपासून दूर राहिला.

माझ्या मांडणीवर सर्वांत अवघड आक्षेप यापुढचा आहे. थकवा हा मेंदूचा अंदाज असेल, तर उद्या एखादा मालक म्हणेल की अंदाज बदला आणि कामाला लागा. हा धोका काल्पनिक नाही. निम्मी प्रेरणादायी व्याख्याने याच पायावर उभी आहेत, आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रात्री दोनपर्यंत बसणाऱ्या मुलांना ती रोज ऐकवली जातात. पण अंदाज म्हणजे लहर नव्हे. झोप किती झाली, अंगात संसर्गाशी झुंज चालू आहे का, पोटात काय गेले, काल केलेल्या श्रमाचे आज काही मिळाले का, डोक्यावर कर्ज किती, या नोंदींवरून तो बांधला जातो. फ्लूमध्ये हातपाय गळतात ते रोगप्रतिकारक यंत्रणेच्या रसायनांनी मेंदूला ‘आता पडून राहा’ असा निरोप धाडल्यामुळे. २०२२ साली पॅरिसमधील संशोधकांना दिवसभराच्या कठीण बौद्धिक कामानंतर मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेले आढळले. म्हणजे तिथेही काही संपलेले नव्हते, उलट पुढचे काम महाग करणारे काहीतरी जमा झाले होते, आणि विश्रांतीला ठोस कारण होते. नोंदी तशाच ठेवून बेरीज तेवढी बदलायला सांगणे ही हिशेबातली लबाडी आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाचे उदाहरण प्रेरणादायी वक्ते नेहमी अर्धेच सांगतात. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव मिळालेल्या त्या बोर्डिंगातली मुले अंगमेहनत करून शिकली, हे खरे. साठ्याच्या सिद्धांताप्रमाणे शेतात राबलेल्या मुलांच्या डोक्यात रात्री काही शिरायला नको होते, हेही खरे. पण कर्मवीरांनी त्या मुलांना भाषण देऊन मोकळे सोडले नव्हते. जेवण होते, निजायला जागा होती, सगळ्या जातींची मुले एका पंगतीला होती, आणि केलेल्या कामाचे फळ आपल्याच शिक्षणाच्या रूपात परत येताना दिसत होते. आता त्याच्याशेजारी आपल्या साखर पट्ट्यातला ऊसतोड मजूर ठेवा. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी मराठवाड्यातून येतो, पहाटे फडात उतरतो, दिवसभर मोळ्या डोक्यावरून वाहतो, आणि गाडी आली की रात्री-अपरात्री भरायलाही उठतो. त्या बाईला एप्रिलमध्ये अंगात त्राण नाही असे वाटत असेल, तर तिच्या मेंदूचा हिशेब चुकलेला नाही. तो या भागातल्या कुठल्याही ताळेबंदापेक्षा अचूक आहे.

म्हणून शिबिरे घेणाऱ्या संस्थांना माझे विचारणे आहे, की कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवण्यावर जेवढा खर्च होतो तेवढ्यात सगळ्यांची रक्ततपासणी होते का, हे कधी पाहिले आहे का? शिक्षकांसाठी ऊर्जेचे व्याख्यान ठेवणाऱ्यांनी त्याच बैठकीत अशैक्षणिक कामांची यादी वाचून दाखवली तर काय बिघडेल? आणि विवेकवादी मित्रांना विचारणे असे, की ऊर्जेची भाषा वापरणारी प्रत्येक व्यक्ती जादूटोणाविरोधी कायद्याच्या कचाट्यात आणण्याचा जो सूर काहींनी लावला आहे, तो कशासाठी? या कायद्याची अनुसूची मोजक्या, ठरावीक कृत्यांची आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हे तिच्यातले एक कलम, आणि ते कल्पनेला नव्हे तर रोखण्याला शिक्षा देते. रेषा तिथेच राहू द्यावी. प्राणायामानंतर हलके वाटते म्हणणाऱ्याला, किंवा कीर्तनातून उठताना तरतरी आली म्हणणाऱ्याला, पुरावा मागण्याचे कारण नाही; तो आपल्या शरीराचा वृत्तान्त देत आहे आणि त्याबाबत त्याच्याइतका जाणकार साक्षीदार दुसरा नाही. दूरवरून ऊर्जा पाठवतो, गोळ्या बंद करा, साखर आपोआप उतरेल, असे म्हणणाऱ्याला मात्र पहिल्याच वाक्यावर थांबवले पाहिजे, आणि ते काम पोलिसांवर न सोडता त्याला व्यासपीठ देणाऱ्या आयोजकांनीच केले पाहिजे. पोवई नाक्यावरच्या फलकावर ‘उत्साह’ लिहिले असेल तर वाचून पुढे जावे; ‘औषधाविना’ लिहिले असेल तर खालच्या क्रमांकावर फोन लावून जाब विचारावा.